उलटा डोंगर: लोणारच्या विवरात एक दिवस

आपल्या समाजातील साठीपुढची माणसे चालत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. सम्मेद शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना पहाटे दोनला काठी टेकीत सुरू करणाऱ्या आणि दुपारी हसतमुखाने खाली येणाऱ्या आजीबाई प्रत्येक घरात आहेत. पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या, गिरनारचा चढ, घराजवळचे कुंथलगिरी, हे सारे आपल्या पायांना परिचित आहे. तरीही 'ट्रेकिंग' हा शब्द उच्चारला की तीच माणसे हात जोडतात आणि 'ते मुलांचे काम' असे म्हणून मोकळी होतात. गतवर्षी कार्तिकी पौर्णिमेनंतर नांदेड आणि लातूरच्या काही परिवारांनी मिळून लोणारच्या सरोवराचे पदभ्रमण ठरविले, तेव्हा पहिला आक्षेप हाच आला. दुसरा आक्षेप असा होता की लोणार तर सर्वांनी पाहिलेले आहे.

हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार आपल्याला काही दूर नाही. नांदेडहून वसमत-परभणीवरून, लातूरहून अंबाजोगाई, परळी, गंगाखेडवरून जिंतूर गाठावे आणि तेथून मंठ्याच्या रस्त्याने पुढे जावे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या गुहांतील जिनबिंबांचे दर्शनही होते. त्यामुळे या वाटेने आपली वाहने नेहमी जातात. पण लोणारला पोहोचल्यावर बहुतेक जण काठावरील निरीक्षणस्थळी उतरतात, खाली हिरवट पाण्याची थाळी पाहतात, छायाचित्रे काढतात आणि अर्ध्या तासात गाडीत बसतात. काठावरून लोणार दिसते खरे, पण त्याचा आकार शरीराला कळत नाही. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर, हे फलकावर वाचून काही जाणवत नाही. पंचेचाळीस-पन्नास मजली इमारतीच्या गच्चीवरून जिन्याने उतरायचे आणि त्याच जिन्याने परत चढायचे, असे सांगितले तर थोडे जाणवते.

येथेच शिखरजी आणि लोणार यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. पारसनाथ पर्वताची उंची सुमारे 1,370 मीटर; लोणारची खोली त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. परंतु पर्वतावर आपण ताज्या दमाने, पहाटेच्या गारव्यात चढतो आणि थकल्यावर उतार आपल्याला खाली आणतो. न झेपल्यास अर्ध्यातून परत फिरता येते आणि परतीचा रस्ता सोपाच असतो. शिवाय डोलीवाले हाकेवर असतात. विवर हा उलटा डोंगर आहे. उतार आधी येतो, तो गोड लागतो, आणि चढ नंतर येतो, तोही ऊन माथ्यावर आल्यावर. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून सोपी उपमा सुचत नाही: उतरणे म्हणजे कर्ज उचलणे आणि चढणे म्हणजे परतफेड. कर्ज देताना अर्जदाराचा उत्साह पाहून चालत नाही, फेडण्याची कुवत पाहावी लागते. आमच्या एकतीस जणांच्या समूहात नऊ वर्षांच्या नातीपासून बाहत्तर वर्षांच्या आडतवाल्या काकांपर्यंत सर्व वयोगट होते. त्यामुळे ही कुवत तपासण्याचे काम आठ दिवस आधीच सुरू झाले.

काका लातूरच्या डाळीच्या बाजारातील जुने व्यापारी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयवाहिनीत स्टेंट बसविला आहे. काठावर बसून राहा, असे त्यांच्या चिरंजीवाने घरीच बजावले होते. काकांचे उत्तर ठरलेले होते, "शिखरजीला मी डोली केली नाही. या खड्ड्याला कशाला भिऊ?" त्यावर मुलगा म्हणाला, "पप्पा, तेव्हा तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे होता." काकी अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. त्या जाणार की नाही हे काका जाणार की नाही यावर अवलंबून, असे सर्वांनी गृहीत धरलेले. आपल्या घरांतील हे नेहमीचेच आहे.

निर्णय देण्याचे काम नांदेडच्या एका परिवारातील डॉक्टर सूनबाईंकडे आले. त्यांनी काकांची फाइल मागविली, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तीन महिन्यांपूर्वी घेतलेल्या ट्रेडमिल चाचणीचा अहवाल पाहिला आणि त्या तज्ज्ञांशी बोलायला सांगितले. तिकडून होकार आला. तरीही त्या काकांना म्हणाल्या, "काका, तुम्ही खाली उतराल याबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न वर येण्याचा आहे. चालताना नवकाराची नऊ पदे न थांबता म्हणता आली पाहिजेत. मध्ये श्वासासाठी थांबावे लागले तर तेथेच बसायचे. हे कबूल असेल तरच चला." व्यायाम करताना माणसाला सलग बोलता येते की नाही, ही श्रमाची साधी आणि भरवशाची परीक्षा आहे, सूनबाईंनी तिला आपल्या माणसांच्या तोंडी बसेल असे रूप दिले इतकेच. काकांनी कबूल केले. मग त्यांनी काकींकडे वळून विचारले, "आणि तुमचे काय, काकी?" काकी म्हणाल्या, "मी येणार. मला कोणी विचारायची वाट पाहत होते."

आता थोडे या विवराविषयी, कारण त्याची जन्मकथा एखाद्या दीर्घकाळ चाललेल्या दाव्यासारखी आहे.

मराठवाडा आणि विदर्भाचा हा सारा प्रदेश बेसाल्ट या काळ्या खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार बनले. आपल्या शेतातील काळी माती ही त्याच खडकाची झीज होय. अशा लाव्हाच्या मुलखात मधोमध एक वर्तुळाकार खड्डा दिसला, तर तो ज्वालामुखीचे मुख असणार, असे कोणालाही वाटेल. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1823 मध्ये लोणारची नोंद केली, तेव्हापासून जवळपास दीड शतक तज्ज्ञांचा कौल बहुतांशी ज्वालामुखीच्याच बाजूने होता. 1896 मध्ये जी. के. गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील अशाच एका विवराचा अभ्यास केला, लोणारशी त्याचे साम्य दाखविले आणि दोन्ही वाफेच्या भूमिगत स्फोटाने झाली असावीत असा निष्कर्ष काढला. तुलना अचूक होती, निष्कर्ष मात्र चुकला. 1960 च्या सुमारास ॲरिझोनाचे विवर अशनीच्या आघाताने झाले हे निर्विवाद सिद्ध झाले आणि मग साम्याचा तोच पुरावा लोणारच्या बाबतीत उलट दिशेने बोलू लागला. 1964 मध्ये लोणार हेही अशनिविवर असावे, असे मत शास्त्रीय नियतकालिकात मांडले गेले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढले. त्यांत मास्केलिनाइट नावाची काच आढळली. खडकातील फेल्डस्पार हे खनिज प्रचंड दाबाच्या धक्क्याने, न वितळता, काचेत रूपांतरित होते तेव्हा ती बनते. ज्वालामुखीत उष्णता असते, पण असा दाब नसतो. 1973 मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि दावा निकालात निघाला.

म्हणजे खडक ज्वालामुखीचा, खड्डा मात्र आकाशातून आलेल्या पाहुण्याचा. बेसाल्टमध्ये झालेली आणि इतकी सुस्थितीत राहिलेली विवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ आहेत. चंद्राच्या पृष्ठभागावरील अनेक विवरेही अशाच खडकात असल्याने तिकडचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. विवराच्या वयाबाबत मात्र आकडे फार बदलले. पूर्वी ते सुमारे 52 हजार वर्षे मानले जाई. 2011 मध्ये आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनात ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले. ताळेबंदात एका शून्याचा फरक पडला तर शाखाधिकाऱ्याची झोप उडते. भूविज्ञानात तो शांतपणे स्वीकारला जातो, याचे मला कौतुक वाटते.

आमच्या दिवसाचे वेळापत्रक सूर्यानेच ठरविले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे सूर्योदय पावणेसातच्या आत होतो. नवकारसी पाळणारे बरेच होते, म्हणून साडेसातला दशमी, खाकरा आणि गूळ-शेंगदाण्याचा नाश्ता करून आठ वाजता काठावरून निघायचे ठरले. संध्याकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी, म्हणजे पाच वाजता. या दोन खुंट्यांच्या मध्ये दिवस बसवायचा होता. तिसरी खुंटी सूनबाईंनी ठोकली: साडेअकराला, जो जेथे असेल तेथून, सर्वांनी चढायला सुरुवात करायची. सरोवराची प्रदक्षिणा अर्धी राहिली तरी चालेल. प्रत्येकाजवळ उकळून गार केलेले तीन लिटर पाणी. त्यातील एक लिटर उतरताना आणि तळाशी, दोन लिटर चढण्यासाठी. हा हिशोब तरुणांना उलटा वाटला. दुपारी तो सर्वांना समजला.

काठ हा आजूबाजूच्या शेतजमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. आघाताने उसळलेला खडक चोहोबाजूंनी पडून ही गोल भिंत उभी राहिली. तीवरून आत पाऊल टाकले की वारा थांबतो. आम्ही उतरण्यासाठी कच्ची पायवाट घेतली होती. उतार साधारण तीस अंशांचा, पायाखाली सुटे दगडगोटे, वरून वाळलेला पाला. अशा वाटेवर समोरच्याच्या पाठीकडे पाहत चालणारा हमखास घसरतो. आपल्या साधू-साध्वींची चार हात पुढची भूमी पाहत, पाऊल तोलून टाकण्याची रीत आहे, तीच येथे कामाची. समूहातील दोन तरुणांनी आरंभी धावत उतरण्याचा पराक्रम केला; पहिल्याच वळणावर एकाचा तळवा सोलवटला आणि पुढे तो सर्वांत सावध चालला. काकी उतरताना तिरक्या, बाजूने पाऊल टाकीत होत्या. गुडघे दुखणाऱ्यांनी असेच उतरावे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. शिखरजीच्या उताराने शिकविले होते.

खाली उतरत जावे तसे झाड बदलते. वर साग, मध्ये कडुनिंब, चिंच, सीताफळ, आणि तळाशी विलायती बाभळीचे रान. ही बाभूळ येथील नव्हे. ती पसरत गेली आणि मूळच्या झाडांना तिने हटविले. वनविभागाने ती काढण्याची कामे हाती घेतली आहेत. झाडीत वानरांच्या टोळ्या होत्या. मोर दिसला नाही, पण केकारव सतत होता. बाभळीच्या झाडीतून वाट काढताना एकतीस माणसांची रांग इतकी लांबली की पुढच्याला मागचा दिसेना. तेव्हा शिट्टीची खूण ठरली: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

सव्वानऊला शेवटचा माणूस सपाटीवर आला आणि मग नाकाला सरोवराची ओळख पटली. सडलेल्या अंड्यासारखा तो वास काठावर कधी येत नाही. पाण्याजवळची जमीन फसवी आहे. वरून वाळलेली पांढुरकी पापडी आणि खाली घोट्यापर्यंत चिखल. पाण्यात बोट बुडवून चोळले की साबणासारखे बुळबुळीत लागते. पाण्याचा सामू दहाच्या आसपास म्हणजे तीव्र अल्कधर्मी. मासे अशा पाण्यात तगत नाहीत. निळ्या-हिरव्या शेवाळाला मात्र ते मानवते आणि पाण्याचा हिरवा रंग त्याचाच. 2020 च्या जून महिन्यात हेच पाणी अकस्मात गुलाबी झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली आणि क्षारात वाढणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव माजले. ते गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे सांगितले. नमुन्यातील सूक्ष्मजीव तळाशी बसले तेव्हा वरचे पाणी स्वच्छ झाले होते.

व्यापारी वाचकांना येथील खाराची गोष्ट अधिक जवळची वाटेल. 'ऐन-इ-अकबरी'त या स्थळाची नोंद आहे आणि काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे तीत म्हटले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या या ग्रंथाने सरोवराचे सौंदर्य नव्हे, माल नोंदवावा, हे मला अर्थपूर्ण वाटले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर खाराचे थर उघडे पडत. ते गोळा करून, प्रतीप्रमाणे वेगळे करून विकले जात. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या प्रतींची नावे होती. तूर-हरभऱ्याच्या प्रती लावणाऱ्या आमच्या काकांना ती ऐकून मोठी गंमत वाटली. आपल्या घरात पापडासाठी जो पापडखार लागतो, तोही सोडियमच्या याच क्षारांच्या कुळातला. कारखान्यातला सोडा बाजारात आला आणि लोणारचा हा व्यापार संपला.

हा खार येतो कोठून? सरोवराला पाणी येण्याच्या वाटा आहेत, जाण्याची वाट नाही. पाऊस पडतो, उतारावरचे झरे वाहतात, बाराही महिने वाहणारी गोमुखाची 'धार' आहे. त्या पाण्याबरोबर बेसाल्टमधले क्षार विरघळून येतात. बाहेर जाते ते फक्त वाफेच्या रूपाने, आणि वाफ क्षार नेत नाही. जमा पाण्याची आणि क्षाराची, नावे केवळ पाण्याचे. अशा खात्यात क्षाराची शिल्लक हजारो वर्षे वाढतच राहणार. आणि म्हणूनच या खात्यात गोड्या पाण्याचा भरणा जास्त झाला तरी ते बिघडते. गावाचे सांडपाणी, शेतीतील खतांचा अंश, अतिवृष्टीचे लोंढे आत आले की पाणी पातळ होते, त्याचा स्वभाव बदलतो आणि त्या स्वभावावर जगणारे सूक्ष्मजीव हटतात. 2000 साली येथे वन्यजीव अभयारण्य झाले, 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत लोणारचे नाव गेले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील हे दुसरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या सरोवराच्या रक्षणात लक्ष घातले आहे. विवरात पूर्वी शेती होत असे, ती बंद झाली. तरी पाण्याकाठी प्लास्टिकच्या बाटल्या आणि पूजेचे निर्माल्य आम्हाला दिसलेच. मुलांनी दोन पोती भरली आणि ती वर नेण्याची जबाबदारी घेतली. चढताना त्या पोत्यांचे वजन त्यांना चांगलेच कळले.

काठाकाठाने फिरताना जुनी देवळे लागतात. यादवकालीन बांधणीची, काही पडकी, काही झाडीत हरवलेली. कमळजादेवीचे मंदिर पाण्यालगत आहे आणि तेथे भाविकांचा राबता असतो. गावातील दैत्यसूदन मंदिर यांहून कितीतरी मोठे आणि शिल्पसमृद्ध. लवणासुराच्या वधाची आख्यायिका त्याच्याशी जोडलेली आहे. ते आम्ही आदल्या संध्याकाळी पाहिले होते. पाण्यावर त्या दिवशी शेकाट्या होत्या, दूरवर चक्रवाकांची जोडी होती. नऊ वर्षांची नात दुर्बीण सोडायला तयार नव्हती.

अकरा वीसला सूनबाईंनी शिट्टी दिली. प्रदक्षिणा निम्म्याहून थोडी अधिक झाली होती. तरुणांनी कुरकुर केली, पण ठरलेले ठरलेले होते. चढण्यासाठी धारेकडची वाट घेतली, कारण तेथे दगडी पायऱ्यांचा आधार आहे. चालण्याचा क्रम बदलला: सर्वांत मंद चालणारा सर्वांत पुढे. म्हणजे काका आणि काकी पुढे, त्यांच्या मागे सूनबाई, मग बाकीचे, आणि शेवटी दोन दणकट तरुण. एरवी समूहात उलटे घडते. वेगवान माणसे पुढे जाऊन सावलीत बसतात, मागचे धापा टाकीत येऊन पोहोचतात, आणि ते पोहोचताच पुढचे उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही.

निम्मा चढ होईपर्यंत काकांची नऊ पदे व्यवस्थित चालू होती. सूनबाई दर पन्नास-साठ पावलांनी विचारीत आणि ते खणखणीत म्हणून दाखवीत. साडेबाराच्या सुमारास, दोन तृतीयांश चढ झाल्यावर, ते पाचव्या पदावर थांबले. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता, पण हात गार लागत होते. सूनबाईंनी त्यांना सावलीत बसविले, पाय किंचित उंच ठेवायला लावले, नाडी पाहिली, बोटाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र लावले. छातीत दुखते का, जबडा किंवा डावा हात जड झाला का, हे तीन वेळा तीन प्रकारे विचारले. काकांनी तिन्ही वेळा नाही म्हटले. एकतीस माणसांची रांग पायऱ्यांवर निःशब्द उभी होती. चिरंजीव वडिलांच्या मागे उकिडवे बसून त्यांना टेकू देत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मी पाठीवर घेतो. आत्ताच." काका म्हणाले, "घेऊ नकोस. तूही पडशील."

सूनबाईंनी विचारले, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?" काका गप्प. काकींनी त्यांची पिशवी उघडली. तीन बाटल्यांपैकी अडीच जशाच्या तशा होत्या. मग उलगडा झाला. वाटेत लघुशंकेची सोय नाही, बायामाणसे बरोबर आहेत, वयाने वारंवार जावे लागते, म्हणून काकांनी पाणी घोटा-घोटाने, ओठ ओले करण्यापुरते घेतले होते. हे ऐकून आमच्यातील आणखी तिघा-चौघांनी, त्यांत दोन भगिनी होत्या, आपापल्या भरलेल्या बाटल्या मुकाट्याने पिशवीत सरकविल्या. प्रवासात हे आपण सारेच करतो. लग्नाला जाताना, बसच्या लांब प्रवासात, यात्रेत. सपाटीवर ते निभावते.

लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी काकांना थोडे थोडे दिले गेले. वीस मिनिटे थांबायचे, तेवढ्यात बरे वाटले नाही किंवा छातीत काहीही जाणवले तर वरून माणसे बोलावून उचलून न्यायचे आणि थेट रुग्णालयात, असे सूनबाईंनी स्पष्ट सांगितले. एका तरुणाला वर पाठवून वाहन धारेपाशी आणून ठेवायला लावले. दहाव्या मिनिटाला चेहऱ्यावर रंग आला. विसाव्या मिनिटाला त्यांनी न विचारता नऊ पदे म्हटली. मग पंधरा पायऱ्या आणि थांबणे, पंधरा पायऱ्या आणि थांबणे, अशा रीतीने उरलेला चढ सुरू झाला. काकी एक पायरी मागे राहून मोजत होत्या. काठावर पोहोचलो तेव्हा एक चाळीस झाले होते. काका धारेच्या पाण्याखाली हात धरून कितीतरी वेळ उभे राहिले. त्या दुपारीच त्यांचा ईसीजी काढला गेला, लातूरला परतल्यावर त्यांच्या तज्ज्ञांनीही तपासले. हृदयाचे नवे काही निघाले नाही, शरीरातील पाणी कमी झाल्याचा तो परिणाम होता.

लहान लोणार, म्हणजे अंबर तळे, आणि मोठ्या मारुतीचे स्थान दुपारी उरलेल्यांनी वाहनातूनच पाहिले. पाचला जेवणे झाली. जेवणानंतर चिरंजीव आणि सूनबाई यांच्यात जो संवाद झाला तो मी मुद्दाम येथे देतो, कारण आपल्या अनेक घरांत तो या ना त्या निमित्ताने होत असतो. चिरंजीव म्हणाले, "ताई, तुम्ही सगळे नीट केले, मी तुमचा ऋणी आहे. पण काही विपरीत घडले असते तर जन्मभर मला हेच वाटले असते की मी त्यांना काठावर बसवायला हवे होते." सूनबाई म्हणाल्या, "तुमची भीती खोटी नाही. पण काठावर बसवून तुम्ही त्यांचे पाणी पिणे सुधारणार नव्हता. ते घरीही असेच कमी पितात, हे आज कळले." चिरंजीवांचे समाधान झाले नाही. माझा कल सूनबाईंकडे आहे. तज्ज्ञांचा सल्ला, चाचणी, बरोबर वैद्यकीय माणूस, ठरलेली परतीची वेळ आणि मंद माणसाच्या पावलाने चालणारा समूह, ही पाच तारणे असतील तर बाहत्तर वर्षांच्या माणसाला केवळ वयाच्या नावाखाली नाकारू नये. यातले एक जरी नसेल तर काठावरून दर्शन पुरे. त्यातही सुमारे सहा किलोमीटरची काठाची परिक्रमा करता येते आणि तीही काही कमी नाही. चिरंजीवांच्या जागी मी असतो तर मलाही इतक्या शांतपणे असे म्हणता आले असते का, हा वेगळा प्रश्न.

सूनबाईंनी आता पदभ्रमणाच्या सूचनापत्रात एक नवे कलम घातले आहे. दर तासाला समूह थांबेल, पुरुष एका बाजूला, भगिनी दुसऱ्या बाजूला, आडोशाची चादर बरोबर असेल, आणि थांबा संपल्यावर प्रत्येक जण सर्वांसमक्ष एक पेला पाणी पिईल. यंदा पुन्हा जाण्याचा बेत आहे, राहिलेली अर्धी प्रदक्षिणा पुरी करण्यासाठी. नावनोंदणीच्या वहीत पहिले नाव काकींचे आहे. दुसऱ्या ओळीत काकांचे नाव पेन्सिलीने लिहिले आहे. चिरंजीवांचा होकार अद्याप आलेला नाही.